तीस खोल्यांचा डोंगर

'सेलेस्ट क्लासिक' हा गेम फुकट आहे, ब्राउझरमध्ये उघडतो, आणि त्यात एक मुलगी आहे नि एक डोंगर. तिला वर चढवायचं, एवढंच काम. पहिल्या एक-दोन खोल्यांतच नवखा खेळाडू पुन्हा पुन्हा मरतो आणि तरी जागचा हलत नाही. तो का हलत नाही हे सांगावं म्हणून लिहायला बसले आहे, कारण ज्या विद्येवर माझं पोट चालतं तिचं मर्म या एवढ्याशा खेळात उघड्यावर मांडून ठेवलेलं आहे.

मी गेमच्या लेव्हल रचते. शिरूरला घरी बसून कंपन्यांची कामं करते आणि सुट्टीच्या दिवशी न्हावरा-चौफुला मार्गे दौंडला जाऊन मुलांना गेम बनवायला शिकवते. वर्गातली कोणी रेल्वेवाल्यांची मुलं, कोणी राज्य राखीव पोलीस दलातल्यांची, कोणाचे वडील कुरकुंभच्या एमआयडीसीत. फोन प्रत्येकाच्या खिशात, संगणक मोजक्यांच्या घरी. या मुलांना पहिल्या दिवशी मी सेलेस्ट क्लासिकच्या खडकावर नेऊन उभं करते.

ज्यांनी लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम पाहिलाय त्यांना प्लॅटफॉर्म गेम म्हणजे काय ते सांगायला नको. मारिओ पळतो, खड्डा ओलांडतो, पुढच्या फळीवर उतरतो. निन्टेंडोने १९८५ मध्ये आणलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' जेमतेम ४० किलोबाइटचा होता. आज व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून जड असतो. आमच्याकडे तो आला नकली यंत्रांतून, '९९९९ गेम' छापलेल्या कॅसेटमधून, ज्यात मोजकेच गेम फिरून फिरून यायचे. कॅसेट अडकली की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. खेळ अर्धवट जतन करायची सोय नव्हती आणि ते दिवस लोडशेडिंगचे, त्यामुळे वीज जायच्या आत राजवाडा गाठायची धांदल असे. त्या काळाची ओढ आजच्या रेट्रो गेममध्ये आहे, नाही असं नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलांनी ती यंत्रं पाहिलेलीही नाहीत, तरी ती याच खेळाला चिकटतात. तेव्हा नुसत्या आठवणींवर हे भागत नाही.

सेलेस्ट क्लासिक मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी २०१५ मध्ये चार दिवसांत केला. केला तो 'पिको-एट'वर. हे यंत्र दुकानात कधीच मिळत नव्हतं. जोसेफ व्हाइट यांच्या लेक्सालॉफल कंपनीने ते संगणकाच्या आत कल्पनेने उभं केलं आणि त्याला मुद्दाम कुंपणं घातली: पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६, आवाजाच्या वाहिन्या ४ आणि अख्खा गेम ३२ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये. नकाशासाठी १२८ बाय ६४ चौकटी मिळतात. एका पडद्याला १६ बाय १६ चौकटी लागतात, म्हणजे नकाशात बरोबर ३२ पडदे बसतात. थॉर्सन-बेरींनी त्यातला एकही वाया घालवला नाही: ३० खोल्यांची चढण, एक शिखर आणि एक शीर्षकाचा पडदा. खोलीत शिरताना उंची दिसते, १०० मीटर, २०० मीटर, असं करत ३००० मीटर. त्या डोंगराची उंची यंत्रातल्या जागेने ठरवली. त्याची किंमतही दोघांनी मोजली. नकाशाचा खालचा अर्धा भाग आणि चित्रांचा अर्धा साठा एकाच जागेत राहतात. पूर्ण नकाशा हवा असेल तर २५६ पैकी १२८ चित्रांवर पाणी सोडावं लागतं. हा गेम इतका उघडाबोडका, नेटका दिसतो त्यामागे हा हिशेब आहे.

आता उडीकडे येते, कारण प्लॅटफॉर्म गेमचं सगळं भलंबुरं उडीत असतं. मुलगी ८ बाय ८ ठिपक्यांची. साधी उडी घेतली की साधारण १० ठिपके वर जाते, म्हणजे एक चौकट चढून थोडंसं उरतं. हवेत असताना एकदा, आठांपैकी कुठल्याही दिशेला, झेप घेता येते. झेप वापरली की तिचे लाल केस निळे होतात आणि पाय जमिनीला टेकले की पुन्हा लाल. शिल्लक काय आहे हे बघायला पडद्याच्या कोपऱ्यात नजर न्यावी लागत नाही. तिच्या केसांत दिसतं. भिंतीवरून उसळी मारता येते. बस, एवढीच शिदोरी, आणि बहुतेक खोल्या हिच्यावर रचलेल्या.

या गेमचा कोड कोणालाही वाचता येतो, आणि वाचला की रचणाऱ्यांची माया कळते. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सहा फ्रेमपर्यंत उडी मान्य होते. पिको-एटवर हा गेम सेकंदाला तीस फ्रेमने चालतो, म्हणजे ही सवलत एक पंचमांश सेकंदाची. जमिनीला टेकण्याच्या चार फ्रेम आधी बटण दाबलं तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो. मुलीचं चित्र ८ बाय ८ असलं तरी धडकेसाठी अंग धरलंय ६ बाय ५ ठिपक्यांचं. केस काट्याला घासून गेले तरी चालतं. आणि काटे! वर टोक असलेल्या काट्यांवर ती खाली येताना पडली तरच मरते. खालून वर उसळत काट्यांमधून गेली तर काही होत नाही. उडीच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणून वर पोचल्यावर क्षणभर अधांतरी राहून बेत करायला सवड मिळते. यातलं काहीच खेळणाऱ्याला सांगितलेलं नाही. त्याला एवढंच वाटतं की गेम आपल्या हातात नीट बसतोय आणि मेलो ते आपल्या चुकीने.

हे 'आपल्या चुकीने' फार मोलाचं आहे. मागे आमच्या वर्गातल्या एका मुलाने स्वतःचा पहिला गेम केला. रेल्वेच्या फलाटांवरून उड्या मारत इंजिन गाठायचं. दिसायला छान, पण खेळायला बसलेला मित्र कळवळून ओरडला, "ताई, मी बटण दाबलं होतं!" दाबलं होतंच त्याने, फक्त फलाटाची कड संपल्यावर एक फ्रेम उशिरा. यंत्राच्या दृष्टीने तो हवेत होता. त्याच्या दृष्टीने फलाटावर. यंत्र बरोबर असूनही खेळ अन्यायी झाला होता. आम्ही सहा फ्रेमची सवलत घातली, चार ओळींचं काम. फलाट तेच, अंतरं तीच. तोच मित्र तीनदा पडला आणि एकदाही तक्रार न करता पार गेला.

दुसरं मर्म मरणात आहे. इथे जीव मोजून दिलेले नाहीत. मुलगी मेली की त्याच खोलीच्या तळाशी लगेच उभी. शिक्षा एवढीच, की जेमतेम पंधरा-वीस सेकंदांची वाट पुन्हा चालायची. मग माणूस धाडस करतो, निरनिराळे मार्ग आजमावतो. फोनवर जे गेम फुकट म्हणून येतात त्यांत याच्या उलट चालतं. पाच जीव संपले की अर्धा तास थांबा, नाहीतर जाहिरात बघा, नाहीतर पैसे भरा. तिथे अवघडपणा रचलेला असतो खेळणाऱ्याचा खिसा रिकामा व्हावा म्हणून. माझं ठाम मत आहे की असे गेम मुलांच्या हाती देण्याआधी पालकांनी स्वतः खेळून पाहावेत. दोन्ही फुकटच, पण एकात तुम्ही पाहुणे असता आणि दुसऱ्यात गिऱ्हाईक.

अर्थात अवघड ते अवघडच. वर्गातली काही मुलं मधल्या खोल्यांत थकतात, आणि त्यांना मी 'जिद्द धर' म्हणून रेटत नाही. ज्याचे हात वेगाने चालत नाहीत त्याने काय करायचं, हा प्रश्न मूळ गेमला सोडवता आला नव्हता. याच जोडीने मोठी मंडळी जमवून २०१८ मध्ये 'सेलेस्ट' हा विकतचा मोठा गेम आणला, त्यात मात्र गेमचा वेग कमी करायची, झेपा वाढवून घ्यायची सोय दिली आणि त्याबद्दल कुणाला कमी लेखलं नाही. त्या वर्षाच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला सर्वोत्तम स्वतंत्र गेमचा मान मिळाला. मूळ फुकट गेम त्या मोठ्या गेमच्या पोटात लपवून ठेवलेला आहे. सापडला की तिथेच खेळता येतो.

आमच्याकडची खरी अडचण वेगळीच आहे: फोनची काच. प्लॅटफॉर्म गेमला दाबल्याचं बोटाला कळणारं बटण लागतं. काचेवर अंगठा घसरतो, तिरकी झेप सरळ जाते, आणि सहा फ्रेमच्या सवलतीचंही तिथे काही चालत नाही. वर्गात आम्ही स्वस्तातले वायरवाले गेमपॅड आणि जुने कीबोर्ड आलटून पालटून वापरतो. जुन्या संगणकावर हा गेम विनातक्रार चालतो, हे माझ्या दृष्टीने त्याचं सर्वांत मोठं देणं आहे. पिको-एट विकत घ्यावं लागतं, पण शिकण्यासाठीची त्याची आवृत्ती ब्राउझरमध्ये फुकट आहे.

मुलं विचारतात, "ताई, 'राजी'सारखा गेम कधी करायचा?" पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला, आणि आपल्या जिल्ह्यातून असा गेम जगभर जातो याचा त्यांना अभिमान आहे, मलाही आहे. पण त्यामागे अनुभवी माणसांची वर्षं आहेत. लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडल्यावरही ती माणसं मागे हटली नाहीत. एकट्याने करायचं तर मी जपानच्या दाइसुके आमाया यांचं उदाहरण देते. त्यांनी 'केव्ह स्टोरी' पाच वर्षं एकट्याने केला, चित्रं, संगीत, कोड सगळं, आणि २००४ मध्ये फुकट देऊन टाकला. त्याची विकतची आवृत्ती २०१० मध्ये आली. फुकट दिल्याने घर चालत नाही, हे मी मुलांपासून लपवत नाही. पण ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही त्याचा गेम लोक पैसे देऊन उघडतील कशाला? फुकट गेम हे त्याचं पहिलं काम, लोकांनी हाताळून पाहावं असं.

सध्या वर्गात एक गेम सगळे मिळून करतो आहोत: कुकडीच्या रांजणखळग्यांवर. टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडीच्या पात्रात काळ्या बेसाल्टमध्ये हे खळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी खडक रांजणासारखा कोरला. एका काठाला पुणे जिल्हा, दुसऱ्या काठाला अहिल्यानगर. पुढे कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा दौंडच्या कडेने वाहते. मुलांना हा प्रवास फार आवडला. त्यांनी ठरवलं की खळग्यात फिरणारा गोटा हीच आपली हलती फळी. गोटा वर आला की त्याच्यावर चढायचं, पलीकडे वळला की उडी. आठ ठिपक्यांच्या चौकटींतून गोल खळगा काढणं जिकिरीचं आहे. कडा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि नेमकी उभं राहायची जागा कोणती ते कळत नाही. शेवटी उभं राहता येईल त्या कडांना आम्ही एक फिकी रेघ दिली आणि बाकी खडक गडद ठेवला. मग लहानग्यांनाही न सांगता कळू लागलं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो देवनागरीने. पिको-एटचं इंग्रजी अक्षर तीन ठिपके रुंद आणि पाच उंच असतं. आपल्या अक्षराला मधल्या अंगाला पाच, शिरोरेषेला एक, वर मात्रा-वेलांटीला निदान दोन आणि खाली उकाराला दोन, म्हणजे दहा ठिपके उंची हवी. 'शिरूर' त्यातल्या त्यात सोपं गेलं, कारण 'रू'चा उकार बाजूला वळतो, खालची जागा मागत नाही. 'दौंड'ने घाम काढला. दोन मात्रा आणि वर टिंब, तेही दोन ओळींत! मात्रा जवळ आल्या की चिकटून एक होतात आणि 'दोंड' वाचलं जातं. एका मुलीने शिरोरेषाच एक ठिपका खाली ओढली, मात्रांना तिसरी ओळ मिळवून दिली आणि टिंब उजवीकडे सरकवलं. आता वाचता येतं. जोडाक्षरं तर अक्षरशः चित्रांसारखी एकेक काढावी लागतात, आणि चित्रांची जागा नकाशा खातो हे वर आलंच आहे. म्हणून खोल्या कमी करायच्या की शब्द कमी करायचे, यावर वर्गात दोन तट आहेत.

मुलांना शेवटच्या खोलीत पावसाळा हवा आहे, पाणी चढत येणारा. मी अजून तयार नाही. पाणी चढू लागलं की थांबून विचार करायची सवड जाते, आणि आमच्या गोट्याला एक फेरा पूर्ण करायला जो वेळ लागतो त्यात चूक सुधारायला जागाच उरत नाही. ती म्हणतात, मग पाणी हळू चढवा, किंवा गोटा लवकर फिरवा. दोन्ही आकडे कोडमध्ये एका ओळीवर आहेत. पुढच्या वर्गाला आम्ही दोन्ही बदलून पाहणार आहोत, आणि खेळायला बसवणार आहोत अशा मुलांना ज्यांनी हा गेम आधी पाहिलेला नाही.