निळ्या दिव्याची हौस

हौसेला मोल नसते असे म्हणतात. हे ज्याने प्रथम म्हटले तो मध्यमवर्गीय नसावा. आमच्या घरी प्रत्येक हौसेचे मोल आधी विचारले जाते, मग त्यात घासाघीस होते आणि शेवटी ती हौस पुढल्या दिवाळीवर ढकलली जाते. माझी एक हौस अशी चाळीस वर्षे पुढे ढकलली गेली. ती निळ्या दिव्याची.

१९८४ साली मी यवतमाळात नववीत होतो. मामांबरोबर नागपूरला गेलो असता सीताबर्डीच्या एका दुकानात वाटाण्याएवढा लाल दिवा पाहिला. आज पोरेटोरेही ज्याला एलईडी म्हणतात, तो. खाऊचे पैसे पुढे करून मी विचारले, "निळा आहे का?" दुकानदार हसला. म्हणाला, "लाल घे, हिरवा घे. निळा अजून निघालाच नाही, बाळ!"

मी लाल घेतला आणि घरी येऊन त्याच्यावर निळा जिलेटिनचा कागद गुंडाळून आकाशकंदिलात लावला. कंदील निळा झाला नाही, काळा झाला! लाल उजेडात मुळी निळा नसतोच, मग कागद गाळून देणार काय? ही गोष्ट मला पुढे कळली, आणि पुढे पोटासाठी तीच मी शाळेत शिकवू लागलो.

निळा निघत का नव्हता? एलईडी म्हणजे एक स्फटिक. त्यातून वीज वाहू लागली की इलेक्ट्रॉन एक पायरी खाली उतरतात आणि त्या उतरण्यातून उजेड बाहेर पडतो. लाल उजेडाला ठेंगणी पायरी पुरते, निळ्याला उंच लागते. तशी पायरी असलेले गॅलियम नायट्राइड शास्त्रज्ञांना माहीत होते, पण त्याचा चांगला स्फटिक काही केल्या वाढेना. भल्याभल्यांनी नाद सोडला. नाद सोडला नाही तो जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या आकासाकी आणि अमानो या गुरुशिष्यांनी, आणि अनान नावाच्या लहानशा गावातल्या निचिया कंपनीत नोकरी करणाऱ्या नाकामुरा यांनी. १९९३ मध्ये नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी बाजारात आला. १९९६ मध्ये त्याच पदार्थाचा लेझर डायोडही त्यांनी जाहीर केला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले, ते एलईडीसाठी. मोठ्या शहराबाहेरच्या माणसाने हे करून दाखवले, याचा आम्हा यवतमाळकरांना उगाचच अभिमान वाटतो!

एलईडी आणि लेझर यांत फरक काय, असे तुम्ही विचाराल. एलईडीचा उजेड म्हणजे शाळा सुटल्यावरची मुले. वाट फुटेल तिकडे धावतात. लेझरचा उजेड म्हणजे तीच मुले प्रभातफेरीत. एका चालीने, एका दिशेने. भिंग लावून ही फेरी टाचणीच्या टोकावर आणली की तिथले लाकूड जळते.

आरंभी हे निळे डायोड सामान्य हौशी माणसाच्या आटोक्याबाहेर होते. पण हौशी मंडळी मोठी बिलंदर! २००६ मध्ये ब्ल्यू-रे यंत्रे आली, तेव्हा त्यांनी ती फोडून आतले जांभळे डायोड काढले. २०१० मध्ये कॅसिओचा एक प्रोजेक्टर निघाला, त्यात दोन डझन निळे डायोड होते. सुटे डायोड घेण्यापेक्षा आख्खा प्रोजेक्टर फोडणे स्वस्त पडते, हा हिशेब या मंडळींनी लगेच मांडला. नारळापेक्षा शहाळे स्वस्त म्हणून शहाळे फोडावे, तसलाच हा प्रकार. आता तर कोरीव कामाची तयार यंत्रे कुरिअरने घरपोच येतात.

असेच एक यंत्र २०२४ च्या जानेवारीत आमच्या दाराशी आले. चिरंजीवांनी आपल्या शिष्यवृत्तीतून मागवले होते. आमच्या जिल्ह्यात सागवानाला तोटा नाही. सागाच्या फळीवर घरांच्या पाट्या कोरून विकायच्या, असा त्याचा बेत.

"बाबा, अजून अडीच हजार लागतील," तो म्हणाला.

"आता कशाला?"

"चष्म्यांना. खोक्यात एकच आहे, तोही साधा प्लॅस्टिकचा. दोन चांगले हवेत."

"दिवा दहा हजारांचा आणि त्याच्याकडे बघायला अडीच हजार? एक आहे तो पुरे!" मी निकाल दिला.

पुढच्या रविवारी मागच्या पडवीत प्रयोग सुरू झाला. त्याने तो एकुलता एक चष्मा मलाच देऊ केला. मी म्हटले, "तू घाल, मी लांब उभा राहीन." पण चाळीस वर्षांची हौस लांब कशी उभी राहणार? सागावर निळा ठिपका चालू लागला, धुराचा गोड वास आला, आणि मी वाकलो. फरशी जळू नये म्हणून फळीखाली मीच स्वयंपाकघरातली स्टीलची चकचकीत परात घातली होती. ठिपका फळीच्या कडेवरून घसरून परातीवर गेला. क्षणभर निळे झाले, एवढेच. दुखले मुळीच नाही.

संध्याकाळी वर्तमानपत्र वाचताना प्रत्येक शब्दातले एक अक्षर गळू लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात पाहून सांगितले, उजव्या पडद्यावर भाजल्याचा डाग आहे आणि तो जाणार नाही. शिकवताना दाखवायचा लाल लेझर पाच मिलिवॅटचा असतो. आमचा पाच वॅटचा, म्हणजे हजारपट. पापणी मिटण्याआधीच काम होऊन जाते. पडद्याला वेदना नसते, म्हणून कळतही नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात नाशिक-कोल्हापूरकडे मिरवणुकीतल्या लेझरने तरुणांचे डोळे गेल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या, वर्गात वाचूनही दाखवल्या होत्या. आपाती कोन बरोबर परावर्तन कोन, हे तीस वर्षे शिकवणाऱ्या मास्तराला परातीने शिकवले!

आमचे सुतारमिस्त्री भेटायला आले. सारे ऐकून म्हणाले, "काहून जी गुरुजी, वेल्डिंगवाल्याकडं आपण पाह्यतो का? तो काचीमागूनच पाह्यते ना!" मी गप्प राहिलो.

चिरंजीव मात्र मुळीच बोलला नाही. त्याने यंत्र फडक्यात बांधून माळ्यावर टाकले, आणि हे मला डोळ्याहून अधिक लागले. महिनाभराने मीच अडीच हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले. नारिंगी काचांचे दोन चष्मे आले. लेझरच्या रंगाचा हा उजेड त्यातून दहा हजारांत एक भागही पार होत नाही. परात स्वयंपाकघरात परत गेली, फळीखाली काळी खरबरीत लादी आली आणि यंत्राभोवती झाकणाची पेटी बसली.

डायोड अजून स्वस्त होतील, यात मला शंका नाही. तुमच्याही घरी एखादे चिरंजीव तो मागवतील. मागवू द्या, पोराच्या हातात कसब येते. फक्त किंमत विचाराल तेव्हा चष्म्यासकट विचारा, आणि घरात माणसे जितकी असतील तितके चष्मे घ्या.

यंदा आकाशकंदील त्याने सागाच्या पातळ पट्ट्यांचा केला आहे, नक्षी त्याच यंत्राने कोरलेली. आत निळा एलईडी आहे, जिलेटिन नाही. सौभाग्यवती अंगणात उभी राहून म्हणाली, "अहो, कसा दिसतो?"

मी सवयीने मान जराशी कलती केली, म्हणजे तो डाग बाजूला सरतो, आणि म्हणालो, "निळा."