बर्लिनच्या मनोऱ्यावरून

ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला शेतात माळा घालतात. उंची ती केवढी, फार तर दोन पुरुष. पण त्यावर चढून गोफण हातात घेतली की आपलेच शेत वेगळे दिसू लागते. कुठे पीक आडवे झाले, कुणाची गुरे बांधाला लागली, ओढ्याच्या अंगाने कोण चालले आहे, हे सारे एका नजरेत येते. उंचावरून चौफेर पाहण्याची ही हौस शहरातल्या माणसालाही आहे. म्हणून जगातल्या मोठमोठ्या शहरांनी उंच मनोरे बांधले आणि काही ठिकाणी तर त्यांच्या माथ्यावर गोल फिरणारी हॉटेलेही थाटली. वाचकहो, आज अशाच एका मनोऱ्यावर तुम्हांला घेऊन जायचे आहे. हा मनोरा आहे जर्मनीच्या राजधानीत, बर्लिनमध्ये.

बर्लिनच्या भर मध्यावर हा दूरदर्शनचा मनोरा उभा आहे. उंची ३६८ मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटरचा. असे पाच कुतुबमिनार एकावर एक रचले तरी याच्या टोकाला थोडे कमीच पडतील. सगळ्या जर्मनीत याच्याहून उंच बांधकाम नाही. खाली सिमेंट-काँक्रीटचा निमुळता होत गेलेला खांब, त्यावर पोलादाचा चकाकता गोळा आणि गोळ्याच्या वर तांबडी-पांढरी दूरदर्शनची काठी, असे याचे रूप. गोळाच ३२ मीटर रुंद आहे. १९५७ साली रशियाने स्पुटनिक हा पहिला उपग्रह आकाशात सोडला, त्याची आठवण म्हणून हा गोळा असा घडवला.

मनोऱ्याशेजारच्या चौकाला अलेक्झांडरप्लाट्झ म्हणतात. १८०५ साली रशियाचा झार अलेक्झांडर बर्लिनला आला होता, त्याचे हे नाव. त्याआधी इथे काय होते, ठाऊक आहे? बैलबाजार! शहराच्या वेशीबाहेरची ही जागा बैलांच्या नावानेच ओळखली जाई. आज तिथे ट्राम, आगगाड्या आणि दुकाने यांची गर्दी आहे.

बर्लिनच्या आसपासची जमीन रेताड. तिथल्या बेलित्स गावची पांढरी शतावरी नावाजलेली आहे. आपल्याकडे शतावरीच्या मुळ्या औषधाला घेतात. ही तिची बहीण, पण हिचे कोंब भाजीला खातात. रेताड मातीचे उंच वरंबे ओढायचे आणि कोंब उजेडात डोकावण्याआधीच मातीत हात घालून कापायचा, म्हणून तो पांढरा राहतो. २४ जूनला काढणी थांबवायची, कारण झाडाला पुढच्या सालासाठी जोर धरू द्यावा लागतो. मनोरा उभा राहिला तेव्हा त्याला 'टेलेस्पार्गेल' म्हणजे दूरदर्शनची शतावरी असे नाव पडले. जमिनीतून सरळ वर आलेला कोंब पाहिला की हे नाव पटते.

माथ्यावरचे खळे

आता वर चढू. मनोऱ्याला ९८६ पायऱ्या आहेत, पण पाहुण्यांना त्या चढाव्या लागत नाहीत. लिफ्ट ४० सेकंदांत २०३ मीटर उंचीवर नेऊन सोडते. घाट चढताना मोटारीत कानाला दडे बसतात, तसेच इथेही होते. वर गोळ्याच्या आत चौफेर काचा लावलेला सज्जा आहे. हवा स्वच्छ असेल तर चाळीसेक किलोमीटरपर्यंत नजर पोचते. ढग खाली उतरले असले तर मात्र भोवती पांढऱ्या धुक्याशिवाय काही नाही, तेव्हा दिवस पाहूनच जावे.

सज्ज्याच्या वर, २०७ मीटरवर, ते फिरते हॉटेल. नवख्या माणसाला वाटते की सगळा गोळाच गरगर फिरत असेल आणि घास घशाखाली उतरणार नाही. तसे काही नाही. मळणीचे खळे डोळ्यांपुढे आणा. मधला तिवडा जागचा हलत नाही, बैलांची पात त्याच्याभोवती फिरते. इथेही मधला गाभा स्थिर आहे. बाहेरच्या काचाही स्थिर आहेत. फिरते ती फक्त या दोहोंमधली जमीन, बांगडीसारखी गोल, आणि तिच्यावर टेबल-खुर्च्या मांडलेल्या आहेत. हॉटेल उघडले तेव्हा तासाला एक फेरा होत असे. म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याची चाल. चालले आहे हे कळतसुद्धा नाही. बशीतल्या केकचा तुकडा संपवून मान वर करावी, तर समोर नदी होती तिथे आता चर्चचे शिखर आलेले असते. हातातली पिशवी तेवढी खिडकीच्या कडेवर ठेवू नये. तुम्ही पुढे जाल आणि पिशवी मागे राहील!

फेऱ्यात काय दिसते

पायाशी श्प्रे नदी वळणे घेत जाते. तिच्या बेटावर जुनी वस्तुसंग्रहालये आहेत. पश्चिमेला ब्रांडेनबुर्गचा दरवाजा आणि जर्मन संसदेचा काचेचा घुमट दिसतो. त्यापलीकडे गर्द झाडी आहे, ती टियरगार्टन नावाची बाग. आज ती रानासारखी दाट आहे, पण दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा बर्लिन बेचिराख झाले होते. थंडीत जळण नाही, पोटाला अन्न नाही. लोकांनी बागेतली झाडे तोडून चुली पेटवल्या आणि मोकळ्या जागेत बटाटे लावले. संसदेच्या पडक्या इमारतीसमोरही भाजीचे वाफे होते. १९४९ पासून पुन्हा झाडे लावायला घेतली, तेव्हा जर्मनीतल्या इतर शहरांनी रोपे पाठवली. तीच ही झाडी.

पण मनोरा उघडला तेव्हा वर येणाऱ्यांची नजर या झाडीवर ठरत नसे. ती अलीकडच्या एका रेघेवर जाऊन थांबे. ती रेघ म्हणजे बर्लिनची भिंत.

युद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले आणि बर्लिन शहरही दुभंगले. पूर्वेकडच्या राजवटीला कंटाळून लोक पश्चिमेकडे निघून जात. ते थांबवण्यासाठी १३ ऑगस्ट १९६१ रोजी पहाटेच्या अंधारात पूर्व जर्मनीच्या सरकारने शहरातून काटेरी तारा ओढल्या आणि पुढे पक्की भिंत घातली. पश्चिम बर्लिनला वेढणारी ही हद्द सुमारे १५५ किलोमीटर लांब होती. त्यातली ४३ किलोमीटर शहराच्या दोन भागांमधून जाई. भाऊ इकडे, बहीण तिकडे. म्हातारी माणसे सोडली तर पूर्वेकडच्या सामान्य माणसाला पलीकडे जाण्याची वाट बंद झाली.

अशा काळात त्याच सरकारने हा मनोरा बांधला. १९६५ साली काम सुरू झाले, ३ ऑक्टोबर १९६९ रोजी उद्घाटन झाले. आपली प्रगती जगाला दिसावी, पश्चिम बर्लिनलाही दिसावी, हा हेतू. पण उंच माळ्यावर चढलेल्या माणसाला फक्त आपलेच शेत पाहा असे कसे सांगणार? पूर्वेकडचा कामगार बायकामुलांना घेऊन वर येई, कॉफी मागवी, आणि तासाच्या फेऱ्यात भिंतीपलीकडचे रस्ते, घरे, मोटारी त्याच्यासमोरून हळूहळू सरकत जात. नजर जाई तिथे पाय जाऊ शकत नव्हता. दूरदर्शनच्या लहरींचेही तसेच. पश्चिमेचे कार्यक्रम भिंतीवरून येत आणि पूर्वेकडच्या घराघरांत लोक ते पाहत.

आणखी एक गंमत झाली. ऊन पडले की मनोऱ्याच्या पोलादी गोळ्यावर उजेडाचा क्रूस उमटतो. ते सरकार धर्म न मानणारे. बर्लिनच्या लोकांनी या क्रूसाला 'पोपचा सूड' म्हणून हसून घेतले.

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंतीचे दरवाजे उघडले. पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९९० रोजी, दोन्ही जर्मनी एक झाल्या. तारीख पाहिलीत? मनोऱ्याच्या उद्घाटनाला त्या दिवशी बरोबर एकवीस वर्षे झाली होती. जी राजवट आपले वैभव दाखवायला तो बांधून गेली, ती राहिली नाही. मनोरा राहिला, आणि आता तो सगळ्या बर्लिनचा आहे.

भिंतीच्या जागी पेरणी

मनोरा उतरलात की लगेच परत फिरू नका. तिथून दोनेक किलोमीटरवर बेर्नाउअर नावाचा रस्ता आहे. इथली एका बाजूची घरे पूर्व बर्लिनमध्ये होती आणि त्यांच्या दारापुढचा रस्ता पश्चिमेत. म्हणजे उंबरा एका राज्यात, अंगण दुसऱ्यात. १९६१ च्या त्या दिवसांत लोकांनी वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून पलीकडे उड्या घेतल्या. कुणी वाचले, कुणी जिवास मुकले. पुढे सरकारने खिडक्या विटांनी बुजवल्या, माणसे हलवली आणि घरे पाडली.

भिंतीच्या आतल्या अंगाला मोकळी पट्टी ठेवलेली असे. तिथली रेती दाताळ्याने ओढून भुसभुशीत केलेली असे. पेरण्यासाठी नव्हे, तर कुणी पळाले तर पावलांचे ठसे उमटावेत म्हणून. पहारेकऱ्यांना गोळी घालण्याची मुभा होती. भिंतीपायी किमान १४० माणसे मेली. या पट्टीत 'समेट' या अर्थाच्या नावाचे एक जुने चर्च अडकून पडले होते. १९८५ साली सरकारने तेही सुरुंग लावून पाडले.

आज त्याच जागी छोटेसे प्रार्थनामंदिर आहे. ते २००० साली उभे राहिले. त्याच्या भिंती मातीच्या आहेत, आपल्या जुन्या घरांसारख्या चोपून घातलेल्या. पाडलेल्या चर्चचे विटांचे तुकडे त्या मातीत कालवले आहेत. आणि मंदिराच्या भोवती एक शेत आहे. २००५ पासून तिथे राय पेरतात. राय हे गव्हाच्या जातकुळीतले धान्य, रेताड जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीत तग धरणारे. आपल्याकडच्या रब्बीसारखी पावसाळा सरल्यावर पेरणी, आणि पुढच्या उन्हाळ्यात कापणी. त्या पिठाची भाकर भाजून प्रार्थनेला आलेल्यांना वाटतात.

आज आपल्या गावांतली कितीतरी मुले शिक्षण-नोकरीसाठी जर्मनीत आहेत आणि त्यांचे आईवडील एकदा तरी तिकडे जाऊन येतात. तुमच्यावर तशी वेळ आली तर मनोऱ्याचे तिकीट आधीच काढून ठेवा, नाहीतर रांगेत बराच वेळ जाईल. नुसते पाहायचे असेल तर जेवणाची सक्ती नाही. हॉटेलात बसायचे असेल तर जागा आधी राखून घ्यावी. मग दुपारून त्या शेताकडे चक्कर टाका. उन्हाळ्याचे दिवस असतील तर ओंब्या भरलेल्या असतील. कडेला उभे राहून एक ओंबी नुसती न्याहाळा. जिथे पाऊल उमटले तर माणूस मरत होता, त्या जमिनीत आता दरसाल पेरणी होते.