एका ‘क’चं देणं

माझ्या नातवाला ‘क’ म्हणता येतो. हे देणं कोणाकोणाचं, असा हिशेब मांडायला बसलं की यादी लांबतच जाते आणि तिच्यातल्या बहुतेकांची आडनावंही मला ठाऊक नाहीत. माझी लेक राहते त्या न्यूझीलंडमध्ये आडनावावाचून कोणाचं अडत नाही, लहानथोर बहुतेक एकमेकांना नावानंच हाक मारतात. मी मात्र सातारा जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये उभा जन्म काढलेली. शिकवणारी ती बाई. त्यामुळे वाचा-भाषा थेरपिस्ट म्हणून घरी येणारी ती मुलगी माझ्या लेकीहून लहान असली, तरी मी तिला ‘बाई’च म्हणत असे. नातवाचं ऐकून तीही मला ‘आजी’ म्हणायला लागली.

मी ऑकलंडला लेकीकडे गेले तेव्हा नातू चार वर्षांचा होत आला होता. बोलायचा भरपूर, पण कळायचं ते फक्त घरच्यांना. काकाचा ‘ताता’, गाईची ‘दाय’, खाऊचा ‘थाऊ’. आमच्याकडे अशा पोराच्या जिभेला मधात उगाळून वेखंड लावतात आणि ‘बोलेल हो, त्याचा बापही उशिराच बोलला’ असं म्हणून विषय संपवतात. वेखंडाचं कांडं मी पिशवीत घातलंही होतं. पण तिथल्या विमानतळावर झाडपाल्याची, बीबियाण्याची झडती फार कडक असते असं जावईबापूंनी फोनवर बजावलं, तेव्हा ते परत फडताळात गेलं.

तिथे मूल चार वर्षांचं झालं की शाळेआधीची एक मोफत तपासणी असते. 2008 पासून ती देशभर चालते. आमच्याकडची नर्स प्लंकेटची होती. डॉ. ट्रूबी किंग यांनी 1907 साली ड्युनेडिनला तान्ह्या बाळांसाठी सुरू केलेली ही संस्था, आज तिथल्या घराघरांत तिचं नाव माहीत. नर्सनं वजन-उंची पाहिली, पण त्याआधी एका कागदावरचे प्रश्न विचारले. मूल कसं बोलतं, उच्चार कसे करतं, त्याची तुम्हाला काही काळजी वाटते का? लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तोवर तिला ज्यानं-त्यानं उत्तरंच दिली होती, विचारलं कोणीच नव्हतं.

पहिलं काम कानांचं. पडद्यामागे चिकट पाणी साचून ऐकू कमी येणं तिथल्या मुलांत बरंच आढळतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलता कसं येणार? कान चांगले निघाले. मग कागद गेले ते इस्पितळात नाही, तर शिक्षण मंत्रालयात. मी चक्रावले. गिळण्याच्या अडचणी आणि फाटलेली टाळू आरोग्य खात्याकडे, आणि शाळेआधीच्या वयातलं बोलणं शिक्षण खात्याकडे, अशी तिथली वाटणी. पुढे कळलं की त्या देशात वाचा-भाषा थेरपीचं प्रशिक्षणच मुळी 1942 साली क्राइस्टचर्चच्या शिक्षक महाविद्यालयात सुरू झालं. म्हणजे ही मंडळी मास्तरांच्याच कुळातली. परकेपणा तिथेच निम्मा गेला.

नंबर लागायला तिथे थांबावं लागतं. थेरपिस्ट थोडे, मुलं फार. ‘भागीदारीनं काम’ असं सरकारी कागदावर सुबक छापलेलं असतं. माझ्या अनुभवी डोळ्यांना त्यात अपुऱ्या माणसांची सोयही दिसते, कारण माणसं कमी पडली की सरकारला पालकांचा सहभाग आठवतो, हे मी इथल्या शाळांतही पाहिलंय. पण बाई आल्या आणि त्या शब्दाला त्यांनी खरंच अर्थ आणला.

त्यांची पहिली अडचण अशी होती. नातू इंग्रजीत ‘क’च्या जागी ‘त’ म्हणतो हे त्यांना ऐकू येत होतं. पण मराठीत काय करतो? दोन्हीकडे तेच होत असेल, तर जिभेची ती खोड मोडायला मदत हवी. फक्त इंग्रजीत होत असेल, तर मूल नवी भाषा शिकतंय एवढंच, त्याला उगाच पेशंट करायचं कारण नाही. हे ठरवायचं कसं, तर ज्यांना मराठी येतं त्यांना विचारून. लेक-जावई दिवसभर कामावर. त्याचं बोलणं दिवसभर ऐकणारी मीच. लेकीला मध्ये बसवून बाईंनी मला शब्द विचारले, मी म्हणायचे, नातू म्हणायचा, त्या वहीत खुणा करायच्या. तो इंग्रजी शब्दांत आपला ‘ट’ वापरे, ते मी सांगितल्यावर त्यांनी त्यावरची खूण खोडली. ती चूक नव्हती, ते आमचं मराठी होतं.

बोलता बोलता मी क-वर्ग, च-वर्ग म्हणून दाखवले. कंठापासून ओठांपर्यंत व्यंजनं कशी रांगेनं पुढे येतात हे बघून त्या हरखल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं. तसं त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. ‘क’ कंठ्य आहे हे मी हयातभर फळ्यावर लिहिलं, पण तो कोणाच्या कंठातून काढायचा कसा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

ते बाईंना येत होतं. पाण्याच्या गुळण्या करायच्या, उताणं पडून घशातून आवाज काढायचे, म्हणजे जीभ आपसूक मागे सरते. आधी शब्दाच्या शेवटचा ‘क’ धरायचा, नाक, चाक, एक. तो जमला की सुरुवातीचा. त्यानंतर जोड्या, एका अक्षरानं अर्थ बदलतो असे दोन शब्द. इंग्रजी चित्रांचा गठ्ठा त्यांच्याकडे तयार होता, मराठी जोड्या मात्र मी शोधायच्या. कार आणि तार. गार आणि दार. काप आणि ताप. गाणे आणि दाणे. जावईबापूंनी रात्री बसून चित्रं काढली. त्यांचा ताप म्हणजे डोक्यावर पट्टी ठेवलेला, त्यांच्यासारखाच दिसणारा मिशीवाला माणूस.

बाईंचा नियम एकच, पोर जे म्हणेल ते द्यायचं. झोपताना नातू ‘दाणे’ म्हणाला की मी शेंगदाण्यांची वाटी पुढे करायची. तो चिडायचा, हातवारे करायचा, मी भाबडेपणानं वाटीच दाखवायची. आपल्या उच्चारानं समोरच्याची गफलत होते हे त्याला असं कळू लागलं. रागवण्यानं ते कधी कळलं नसतं. ज्या रात्री घसा खरवडून ‘ग्गाणे’ बाहेर पडलं, त्या रात्री मला येत होती तेवढी सगळी गाणी म्हणावी लागली, शाळेच्या प्रार्थनेसकट.

बाई काही आठवड्यांनी एकदा येत. मधले सगळे दिवस आमचे आणि बालवाडीचे. बालवाडीच्या शिक्षिकेला त्यांनी त्याच अक्षराचे इंग्रजी शब्द दिले होते. मुलं सतरंजीवर गोल करून बसली की ती गोष्टीतून, गाण्यातून ते शब्द आणे. नातवाला वेगळं काढून कधीच नाही, सगळ्या वर्गाला मिळून. तिथल्या बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचं, 1996 सालच्या ‘ते फारिकी’चं, नाव मूळ माओरी. कुटुंब आणि गोतावळा हे त्याच्या चार तत्त्वांपैकी एक. त्या शिक्षिकेनं तो कधी माझ्यापुढे वाचला नाही. तिनं मला सतरंजीवर बसवून मराठी बडबडगीत म्हणायला लावलं आणि वेगवेगळ्या देशांची ती पोरं माझ्यामागून ओरडली.

मधे एका परिचितांनी सल्ला दिला होता, दोन भाषांनी पोराचा गोंधळ होतोय, घरी इंग्रजीच बोला. लेक डळमळली. बाईंनी ते साफ उडवून लावलं. दोन भाषांमुळे वाचेचा दोष होत नाही, आणि आईबापांनी आपल्याला सहज येते तीच भाषा मुलाशी भरभरून बोलावी, असं त्या म्हणाल्या. मराठीचा एक शब्द येत नसलेल्या त्या मुलीनं माझ्या नातवाचं मराठी राखलं. बाकीचं ऋण कशानं तरी फिटेल, हे कसं फेडायचं ते मला अजून सुचलेलं नाही. निघताना त्यांच्यासाठी दाण्याची चटणी करून दिली, ती त्यांनी पावाला लावून खाल्ली म्हणे.

पाचव्या वाढदिवसानंतर नातू शाळेत गेला. तिथे बहुतेक मुलं पाच पूर्ण झाली की जातात. बाईंची वही, बालवाडीच्या नोंदी, आमच्या जोड्यांची यादी हे सगळं नव्या शिक्षिकेकडे पोचलं, लेकीला पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागली नाही.

आता व्हिडिओ कॉलवर ‘क’, ‘ख’, ‘ग’ खणखणीत येतात. ‘र’ मात्र अजून ‘ल’च आहे. ‘आजी, चहा गलम आहे का?’ असं विचारतो. बाईंनी जाताना सांगितलं होतं की ‘र’ उशिरा येणाऱ्यांपैकी, त्याच्या मागे लागू नका. मी लागत नाही. जावईबापूंनी मात्र ‘राजा’ आणि ‘लाजा’ची चित्रं काढायला घेतली आहेत, आणि लेक त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेते.