आतून लावलेली कडी

रक्तातील साखरेचा अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, रात्री दाटून आलेली काळजी, हे सारे मी आता व्हॉट्सॲपवरून लेकीला कळवतो. आपणही कळवत असाल. २०१६ पासून असे संदेश वाटेत कूटबद्ध असतात. ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. परंतु हे संरक्षण वाटेपुरतेच. फोन उघडा राहिला, अथवा पडताळणीचा सहा अंकी संकेतांक कुणास सांगितला, की कुलूप व्यर्थ ठरते. म्हणून सेटिंगमधील जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून पाहावी. अनोळखी उपकरण दिसल्यास काढून टाकावे. शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती : मदतीसाठीही आमचा फोन उघडण्यापूर्वी विचारा. शरीर परावलंबी झाले, तरी मनाच्या दाराची कडी आतूनच असावी.