दोनशे तासांचे तारण

व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे या क्षेत्रातील रोजच्या बोलीतला ‘सीपीएल’, हा मोबदला घेऊन विमान चालवण्याचा अधिकार देणारा दस्तऐवज असून भारतात तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, अर्थात डीजीसीए, देते. वयाची १८ वर्षे पूर्ण असणे, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन उत्तीर्ण होणे, ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणीत पात्र ठरणे, हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाची तांत्रिक माहिती या विषयांत प्रत्येकी किमान ७० टक्के गुण मिळवणे आणि किमान २०० तासांचे उड्डाण नोंदवणे, त्यातही १०० तास विमानाचा संपूर्ण ताबा व जबाबदारी स्वतःकडे असताना उडणे, या त्याच्या ठळक अटी होत. त्या वाचताना पालकाला धास्ती वाटते ती परीक्षांची. परंतु परीक्षा अभ्यासाने सुटतात, आणि चाळीतल्या कुटुंबाची खरी कसोटी लागते ती त्या दोनशे तासांच्या किमतीपाशी. प्रस्तुत लेखकाच्या मुलीने हा परवाना मिळवला, त्यासाठी मार्ग निवडताना आणि पैसा उभा करताना लालबागमधील या कुटुंबाला जो अनुभव आला तो येथे मांडला आहे; लेखक एका नागरी सहकारी बँकेच्या कर्जविभागात नोकरीला असल्यामुळे या अनुभवाकडे पाहण्याची त्याची दृष्टी थोडीफार खातेवहीची आहे, हे वाचकाने आधीच गृहीत धरावे.

मुंबईकराला हे शिक्षण एकेकाळी शहरातच मिळत असे. जुहूचा विमानतळ १९२८चा. बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते उतरले तेही जुहूलाच. पुढे सांताक्रूझचा विमानतळ वाढत गेला, त्याच्या गजबजलेल्या हवाई हद्दीलगत शिकाऊ विमानांना वाव उरला नाही आणि क्लबाचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला गेले. आज बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, नागपूर ही या शिक्षणाची महाराष्ट्रातील ठिकाणे असून, २०२४मध्ये एअर इंडियाने अमरावतीजवळ बेलोरा येथे स्वतःची प्रशिक्षणसंस्था जाहीर केली आहे. बारामती किंवा धुळ्याच्या निवडीमागे हवामानाचेही कारण दिसते: सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे घाटमाथ्यावर पाऊस सांडून गेल्यावर उरलेल्या कमी पावसाच्या प्रदेशात, ढग कोकणाइतके खाली उतरत नाहीत आणि पावसाळ्यातही काही दिवस उडता येते. उलट केंद्र सरकारची नावाजलेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंजला आहे आणि तेथे हिवाळ्यातले धुके दिवसचे दिवस विमाने जमिनीवर ठेवते. बिनउड्डाणाच्या अशा दिवसांतही वसतिगृह, खाणावळ आणि कर्जावरचे व्याज चालूच राहते, त्यामुळे हवामान हा या व्यवहारात खर्चाचाच विषय ठरतो.

मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला देशातील मान्यताप्राप्त संस्थेत दोनशे तास पूर्ण करण्याचा. यास राहण्याजेवण्यासह साधारण ५० ते ७० लाख रुपये लागतात. दुसरा अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड अशा देशांत उडण्याचा. तेथे विमाने पुष्कळ, हवा मोकळी, त्यामुळे तास लवकर भरतात, पण परतल्यावर परदेशी परवान्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करावे लागते, त्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा व उड्डाणचाचण्या द्याव्या लागतात आणि दरम्यान रुपया घसरला तर उरलेले सगळे हप्ते वाढतात. तिसरा मार्ग कॅडेट योजनेचा, म्हणजे विमान कंपनीने आधीच परीक्षा घेऊन उमेदवार निवडायचा, ठरलेल्या संस्थेत त्याला शिकवून घ्यायचे आणि नंतर नोकरीत घ्यायचे. यात खर्च एक कोटीच्या वर जातो. या मार्गाची मुख्य भुरळ निवडपत्राची असते, कारण त्या पत्रामुळे बँकाही कर्जाला लवकर तयार होतात. मात्र ते पत्र सशर्त असते: त्या वेळी कंपनीची भरती चालू असेल तर, आणि सर्व टप्पे पहिल्या ठरावीक प्रयत्नांत उत्तीर्ण झाल्यास. किंगफिशरची विमाने २०१२मध्ये थांबली, जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी अखेरचे उड्डाण केले आणि गो फर्स्ट मे २०२३मध्ये बंद पडली, हे लक्षात असणाऱ्याने असे पत्र हमीपत्र म्हणून वाचू नये.

घरात चर्चा सुरू झाली ती ‘फी कुठे कमी’ या प्रश्नापासून, आणि बहुतेक घरांत ती तेथेच घोटाळत राहते. बँकेच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: पैसे किती, यापेक्षा ते कधी द्यायचे आणि कशाच्या बदल्यात मिळणार. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज सर्वसाधारणपणे तारणाशिवाय मिळते. त्यापुढे तारण, म्हणजे कर्ज थकल्यास बँकेला विकता येईल अशी मालमत्ता, द्यावी लागते. लेखक ज्या बँकेत काम करतो तेथे एवढी रक्कम बसत नव्हती, म्हणून अर्ज एका राष्ट्रीयीकृत बँकेत केला, आणि इतरांच्या फायली तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला टेबलाच्या अलीकडे बसून स्वतःची फाइल तपासली जाताना पाहावी लागली.

फाइलीत पहिला कागद होता खोलीचा. लालबाग, परळ, गिरगाव येथील शेकडो जुन्या इमारतींप्रमाणे ही खोलीही पागडीची आहे. पागडी म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे देऊन मिळवलेली, नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाडेकरूची वहिवाट, जी १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने संरक्षित आहे. अशी खोली विकायला काढली तर मालकाचा वाटा देऊनही हातात मोठी रक्कम येते, आणि चाळीत कोणालाही विचारले तर तो ती ‘आपली खोली’ असेच म्हणेल. कागदावर मात्र भाडेपावती असते. पावतीवर आजोबांचे नाव, खाली मालकाच्या मुनीमाची सही आणि रक्कम इतकी किरकोळ की बँकेच्या अधिकाऱ्याने ती महिन्याची की दिवसाची असे विचारले. भाडेकरूला मालकी नसल्यामुळे तो जागा गहाण ठेवू शकत नाही, आणि पुनर्विकासात मालकी हक्काची सदनिका मिळणार असली तरी ती प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत बँक तिच्याकडे पाहत नाही. दुसरा कागद सिंधुदुर्गातल्या जमिनीचा सातबारा. त्यावर हयात व मयत चुलते, आत्या आणि त्यांचे वारस अशी सामायिक नावे. शिवाय शेतजमीन शैक्षणिक कर्जाला बँका सहसा घेत नाहीत. मुंबईतील गिरणगावाची पिढीजात संपत्ती बहुधा याच दोन कागदांत असते: एक खोली आणि गावचा वाटा. बाजारभावाने ती कोटीच्या घरात जाईल, कर्जासाठी तिची किंमत शून्य.

शेवटी तारण आले ते डोंबिवलीहून. लेखकाच्या मेव्हण्याने आपली सदनिका देऊ केली आणि जोखीम समजावून सांगायला लागल्यावर “भावोजी, सही कुठे करायची तेवढं सांगा” म्हणून विषय संपवला. तो संपत नसतो, हे कर्जविभागातल्या माणसाला ठाऊक असते. तिसऱ्या व्यक्तीने दिलेले तारण कर्ज फिटेपर्यंत अडकून राहते, मेव्हण्याला पुढे स्वतःच्या मुलासाठी कर्ज हवे असेल तर त्याला दुसरे काही शोधावे लागते, आणि नात्यातला प्रत्येक सणवार त्या सहीच्या साक्षीने साजरा होतो. राज्यात महाज्योतीसारख्या संस्थेने इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांतील उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबामार्फत प्रशिक्षणाची योजना काढली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते; पण तेथील जागा मोजक्या.

एवढे उसने तारण लावून पैसे काढायचे तर ते एकरकमी कोणाच्या हाती द्यायचे नाहीत, हा मार्ग निवडण्याचा मुख्य निकष ठरला. कॅडेट योजनेतील मोठे आगाऊ हप्ते आणि परदेशातील डॉलरची टांगती तलवार या दोन्ही गोष्टी त्यामुळे बाद झाल्या. राज्याच्या अंतर्भागातील ज्या संस्थेने उडालेल्या तासांच्या टप्प्यांनुसार शुल्क घेण्याचे लेखी मान्य केले ती निवडली, जरी तिचा तासाचा दर शेजारच्या संस्थेहून थोडा अधिक होता. क्रमही ठरवून घेतला. आधी क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी, कारण रंगांधळेपणासारखा एखादा दोष तेथे निघाला तर सर्व खर्च वाया जातो. त्यानंतर घरी राहून लेखी परीक्षा. आणि त्या सुटल्यावरच उड्डाण. परीक्षेच्या त्या काळात खोलीतली जेवणाची पाने लवकर उचलली जात, कारण जमिनीवर हवाई नकाशा पसरायचा असे. त्यावर कोनमापक ठेवून मार्गरेषा आखायची, मग गोल फिरणाऱ्या चकतीच्या गणकावर, ज्याला विजेरीही लागत नाही, वाऱ्याची दिशा व वेग लावून विमान किती अंश वळवून ठेवावे लागेल ते काढायचे. चाळीतली मुले दारात उभी राहून यात विमान कुठे आहे म्हणून विचारत.

उड्डाणाचा तास विमान उडण्यासाठी जागचे हलले की सुरू होतो आणि उतरून पुन्हा थांबले की संपतो. म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची आणि तेथे ताटकळण्याची मिनिटेही नोंदवहीत चढतात व बिलातही. ज्या विमानतळावर प्रवासी विमानांची ये-जा जास्त तेथे शिकाऊ विमानाला थांबावे लागते, आणि त्या थांबण्याचे पैसे विद्यार्थी भरतो. लहान, रिकाम्या धावपट्टीचा हा फायदा माहितीपत्रकात कोणी छापत नाही. तोटा असा, की लहान संस्थेकडे विमानेही कमी. चार आसनी सेस्ना विमानाची ठरावीक तासांनी तपासणी होते आणि साधारण दोन हजार तासांनंतर इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करावे लागते. अशी दोन विमाने एकाच वेळी जमिनीवर आली तेव्हा मुलीचे उड्डाण महिनोन्‌महिने रखडले. टप्प्यांच्या कराराचा उपयोग तेथे झाला, न उडालेल्या तासांचे पैसे आपल्याच कर्जखात्यात न उचललेले राहिले. आगाऊ भरलेल्या सहाध्यायांच्या पालकांना मात्र वापर न झालेल्या रकमेवर व्याज मोजावे लागले. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५पासून प्रशिक्षणसंस्थांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली आणि पहिल्या यादीत वरच्या ‘अ’ वर्गात एकही संस्था बसली नाही, यावरून रखडणे हा एखाद्या संस्थेचा अपवाद नव्हे, हे दिसते.

रखडण्याची किंमत साध्या गणिताने कळते. ५० लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचे व्याज साडेपाच लाख, म्हणजे दरमहा सुमारे ४६ हजार. परतफेडीला सवलतीचा काळ, बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम, बहुधा अभ्यासक्रमाचा कालावधी अधिक एक वर्ष असा असतो, आणि तो मोजला जातो अर्जात लिहिलेल्या कालावधीवरून. धुके, पाऊस वा इंजिन यांची त्यात दखल नसते. सवलत संपल्यावर १५ वर्षांच्या मुदतीला हप्ता ५७ हजारांच्या आसपास बसतो. जुन्या करप्रणालीत व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, पण ती करपात्र उत्पन्न असणाऱ्यालाच.

परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली असे नाही. प्रवासी विमान चालवण्यासाठी त्या-त्या प्रकारच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, आवश्यक असते; एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७साठी त्याला साधारण १५ ते २५ लाख रुपये लागतात. महिला वैमानिकांचे प्रमाण भारतात सुमारे १५ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५मध्येच सर्व महिला कर्मचारी असलेले उड्डाण नेले होते. मुलगी म्हणून भरतीत कोठे अडले नाही. अडले ते पैशाशी. टाइप रेटिंग हा मूळ अभ्यासक्रमाचा भाग नाही, असे सांगून बँकेने ती रक्कम कर्जात धरली नाही, आणि ती लेखकाच्या भविष्यनिर्वाह निधीतून व पत्नीच्या सोन्यावरील कर्जातून उभी राहिली. पहिला हप्ता गेला तो पहिल्या पगाराआधी.

या मार्गाला लागणाऱ्या पालकांना एवढेच सांगायचे: टाइप रेटिंगची रक्कम आणि एक वर्षाचे हप्ते पहिल्याच दिवशी हिशेबात धरा, बँक नाही म्हणाली तर ते लेखी घ्या, आणि त्या रकमेची सोय होईपर्यंत संस्थेत प्रवेश घेऊ नका. तारण एकदा लागले की दुसऱ्या कर्जाला तेच पुन्हा चालत नाही.