निळं आभाळ, नारिंगी दिवस

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी आजी चंद्रपूरहून आमच्याकडे अर्विंगला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीत गेली, कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं.

"पाहा, काहीच नाही!"

मला कळेना. काय असायला हवं होतं?

मग आजीने सांगितलं. चंद्रपूरजवळ दुर्गापूरला कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र आहे. त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत. आजी दोरीवर पांढरा कपडा वाळत घालते, तो संध्याकाळी झटकूनच घरात आणते. २००९ साली भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सर्वांत प्रदूषित औद्योगिक ठिकाणांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर पहिल्या पाचांत होतं.

"आमचं प्रदूषण डोळ्यांना दिसते," आजी म्हणाली. "तुमच्याकडे मात्र आभाळ कसं निळंशार!"

मला उगाचच अभिमान वाटला. जणू ते आभाळ मीच धुऊन ठेवलं होतं.

पण आठच दिवसांनी एक वेगळी गोष्ट घडली. दुपारी आईच्या फोनवर सूचना आली: आज हवा नारिंगी. आमच्याकडे हवेची गुणवत्ता रंगांनी सांगतात. ५० पर्यंत आकडा असला तर हिरवा, १०० पर्यंत पिवळा आणि १०१ ते १५० असला तर नारिंगी. नारिंगी म्हणजे लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दमा असलेले लोक यांनी जपून राहायचं.

माझ्या धाकट्या भावाला, छोटूला, दमा आहे. तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याला क्रिकेटचं वेड आहे. आईने ऑफिसमधून मला मेसेज केला, "शाळेतून त्याला थेट घरी आण. आज खेळायचं नाही."

तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. छोटूला आणायला मी गेले, आजीही बरोबर आली. शाळेबाहेर गाड्यांची लांब रांग होती. बाहेर ९५ अंश फॅरनहाइट तापमान होतं, म्हणून सगळ्यांची इंजिनं चालू, एसी चालू. आजी गाड्या मोजू लागली. त्रेचाळीसवर थांबली.

"एका पोट्ट्यासाठी एक गाडी? कायले वं?" तिने विचारलं. चंद्रपूरकडे पोराला 'पोट्टा' म्हणतात, आणि 'कायले' म्हणजे 'कशाला'.

घरी जाताना वाटेत बाग लागते. तिथे छोटूचे मित्र खेळत होते. तो हट्टच धरून बसला. "ताई, फक्त पंधरा मिनिटं! प्लीज!" मी वर पाहिलं. आभाळ इतकं स्वच्छ होतं की मला त्या सूचनेचं हसूच आलं. मी त्याला सोडलं. आजी आणि मी गाडीत बसलो. इंजिन चालू, एसी चालू.

थोड्या वेळाने छोटू परत आला. तो धावत नव्हता, चालत होता. त्याचे खांदे वर-खाली होत होते आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी दप्तरातून इनहेलर काढला. माझे हात थरथरत होते. आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दहा मिनिटांनी त्याचा श्वास नीट झाला. मग माझ्या लक्षात आलं, गाडीचं इंजिन अजून चालूच होतं. मी ते बंद केलं.

त्या रात्री मी आईला सगळं खरं सांगितलं. ती रागावली, पण नंतर माझ्याजवळ बसली. आम्ही दोघींनी मिळून वाचलं, तेव्हा मला दोन गोष्टी समजल्या.

पहिली गोष्ट म्हणजे, ओझोन वायू दिसत नाही. खूप उंचावर असलेला ओझोन आपल्याला सूर्याच्या अतिनील किरणांपासून वाचवतो. पण जमिनीजवळचा ओझोन फुप्फुसांना त्रास देतो. तो गाडीच्या नळीतून थेट बाहेर पडत नाही. गाड्या, ट्रक, विमानं, वीजकेंद्रं आणि कारखाने यांच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. पेट्रोल आणि रंग यांच्यातून वाफा निघतात. कडक ऊन पडलं, की या सगळ्यांपासून ओझोन तयार होतो. म्हणजे ज्या दिवशी आभाळ निळंशार, ऊन कडक आणि वारा बंद, त्याच दिवशी धोका जास्त! आजी आणि मी, दोघी फसलो होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, आमचं गाव अगदी रस्त्यांच्या जाळ्यात आहे. एका बाजूला डॅलस, दुसऱ्या बाजूला फोर्टवर्थ. मधून ११४ आणि १८३ नंबरचे हायवे जातात, उत्तरेला ६३५ आहे आणि पश्चिमेला डीएफडब्ल्यू विमानतळ. अमेरिकेच्या २०१५ च्या नियमाप्रमाणे हवेच्या एक अब्ज भागांत ओझोन ७० भागांपेक्षा जास्त नसावा. डॅलस-फोर्टवर्थ परिसराला ते अजून जमलेलं नाही.

माझ्या एका गाडीमुळे छोटूला त्रास झाला, असं मी म्हणणार नाही. पण रांगेतल्या त्रेचाळीस गाड्यांमध्ये एक माझी होती, हेही खरं आहे.

मग आम्ही काही बदल केले. आमच्याच अपार्टमेंटमधली आणखी दोन मुलं छोटूच्या शाळेत आहेत. आता तिघं एकाच गाडीतून येतात, आणि तिन्ही घरं आळीपाळीने गाडी नेतात. उभ्या गाडीचं इंजिन मी बंद करते आणि खाली उतरून सावलीत थांबते. घाम येतो, पण चालतं. उन्हाळ्यात पेट्रोल आम्ही संध्याकाळी भरतो, म्हणजे त्याच्या वाफा कडक उन्हात सापडत नाहीत.

क्रिकेटचा प्रश्न आजीने सोडवला. ओझोन दुपारी आणि संध्याकाळच्या सुरुवातीला जास्त असतो, सकाळी कमी. आजी म्हणाली, "मग पोट्ट्यांना सकाळी खेळू द्या ना! आम्ही पहाटे उठून अर्धी कामं उरकत होतो." सुट्टी लागल्यावर छोटू आणि त्याचे मित्र सकाळी सातला खेळायला लागले. त्यांना उठवायला कोण जायचं? अर्थात, मी!

एकदा मी आजीला विचारलं, "आपण एवढंसं करून काय होणार?" ती म्हणाली, "माझ्या झटकण्याने राख कमी होत नाही. राख धुराड्यातच अडवावी लागते. त्यासाठी कायदा लागतो, यंत्रं लागतात, आणि ती रोज चालू आहेत की नाही हे पाहणारी माणसं लागतात. पण ज्याला राख दिसली, त्यानं बोललं पाहिजे." मला ते पटलं. पूर्वी पेट्रोलमध्ये विषारी शिसं असायचं. कायदे झाले म्हणून ते गेलं. अमेरिकेत १९९६ साली रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यावर पूर्ण बंदी आली आणि भारतात २००० साली ते पेट्रोल बंद झालं.

ऑगस्टमध्ये आजी परत निघाली. आजी, छोटू आणि मी लास कोलिनासहून ट्रेनने विमानतळावर गेलो. दोन जड बॅगा घेऊन बाबा मात्र गाडीनेच आले, म्हणजे एक गाडी गेलीच! त्या ट्रेनचं नाव 'ऑरेंज लाइन' आहे. छोटू म्हणाला, "आजी, हे नारिंगी चांगलं आहे." आजी खूप हसली.

आता मी रोज सकाळी आभाळ बघते, आणि मग फोनवर रंगही बघते. तुमच्या गावात आज हवेचा रंग कोणता आहे?