सुप्याचे कागद

दहावीला इतिहासात काठावर पास झालो होतो. आता साठीनंतर तोच विषय झोपू देत नाही. अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा आपल्याकडं कापसाचा भाव चढला. १८६५ला ती थांबली नि भाव मातीत गेला, सावकाराचे कागद मात्र वाढत राहिले. १२ मे १८७५ला सुप्याच्या लोकांनी ते कागदच पेटवले. वाचून, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली तेव्हा माझा लाल कांदा काढून रानात ढीग लावलेला. भाव बघता बघता कोसळला. त्या रात्री भजनात पखवाज माझ्याकडं होता. हात भलताच जोरात पडायला लागला.

"आरं हळू, पुडी फाटंल," आबा टाळ थांबवून म्हणाले.

अभंग तुकोबांचा. त्यांनी आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली म्हणतात. म्हणजे दुसऱ्यांकडून यायचं होतं, ते सोडलं. माझं द्यायचं आहे, आणि तो कागद सोसायटीच्या संगणकात. पेटवू काय नि बुडवू काय?

ठेका कसाबसा धरला. पहाटे ट्रॅक्टर जोडला, कांदा बाजार समितीत नेला, आला त्या भावाला देऊन टाकला.